सलग तीन दिवसांची एन्ड्युरन्स फेरी : सामान कसे भरावे आणि क्रूने नेमके काय करावे?

माळरान

माझी धाकटी बहीण येत्या हंगामात सलग तीन दिवसांच्या एन्ड्युरन्स फेरीत, म्हणजे लांब पल्ल्याच्या घोडेस्वारीच्या स्पर्धेत, उतरणार आहे. रोज साधारण ८० किलोमीटर, तिन्ही दिवस तोच घोडा, आणि दररोज मध्ये दोन सक्तीचे थांबे, जिथे पशुवैद्य घोडा तपासून त्याला पुढे सोडायचे की नाही ते ठरवतात. तिने एकदिवसीय फेऱ्या पाच-सहा पूर्ण केल्या आहेत. सलग दिवसांची ही पहिलीच. क्रू म्हणून, म्हणजे थांब्यावर आणि मुक्कामी घोड्याचे व स्वाराचे सगळे बघायला, मी आणि तिची एक मैत्रीण असे दोघे असू. मला खरारा करता येतो, घोडा धरून चालवता येतो, नाल ढिला झाला तर ओळखता येतो. त्यापलीकडचे माझे ज्ञान वाचीव आहे.

गेले दोन आठवडे मी सामानाची यादी करतो आहे आणि ती आता इतकी लांबली आहे की ट्रेलरमध्ये घोड्याला जागा उरेल की नाही, अशी शंका बहिणीने बोलून दाखवली. म्हणून या मंचावर दोन गोष्टी विचारतो. एकदिवसीय फेरीला जे नेतो त्याच्या तिप्पट न्यायचे, इतकाच हा हिशेब आहे का? आणि थांब्यावर घोडा आल्यापासून तो पुन्हा निघेपर्यंत क्रूच्या दोन माणसांनी कोणत्या क्रमाने काय करायचे?

अबलख

तिप्पट अजिबात नको. तीन दिवसांत तिपटीने लागतात त्या फक्त खाण्याच्या आणि घामाने भिजणाऱ्या वस्तू, म्हणजे वैरण, चंदी (धान्याचे खाणे), इलेक्ट्रोलाइट (घामातून गेलेले क्षार भरून काढणारे मिश्रण), सॅडल पॅड (खोगिराखालची गादी), तंगाचे म्हणजे खोगीर आवळायच्या पोटपट्ट्याचे वेष्टन आणि स्वाराचे मोजे. बाकी सगळे एकदिवसीय फेरीइतकेच असते.

यादी फुगते, कारण आपण ती जातवारीने करतो : खुरांचे सामान एका पेटीत, औषधपाणी दुसऱ्या पेटीत, खाणे तिसऱ्या पोत्यात. घरातल्या फडताळासाठी ही मांडणी उत्तम आहे. फेरीत मात्र वस्तू लागते ती ठरावीक जागी आणि ठरावीक वेळी. मी हे शिकलो ते फजिती होऊनच. दुसऱ्या की तिसऱ्या फेरीत आम्ही खुरांचे सारे साहित्य एका देखण्या लाकडी पेटीत लावले होते आणि ती पेटी मुक्कामाच्या तळावर तंबूत ठेवली होती. घोडा थांब्यावर आला तो पुढचा उजवा नाल गमावून. थांबा तळापासून गाडीने पाऊण तासावर. हूफ बूट (नाल गेला तर खुरावर चढवायचा बूट), नालाचे खिळे, कानस, हातोडी सगळे त्या पेटीत सुखरूप होते. शेजारच्या क्रूने स्वतःचा बूट दिला, तो एक माप मोठा निघाला, आम्ही चिकटपट्टी गुंडाळून तो बसवला, आणि चार किलोमीटरवर तो चिखलात राहिला.

तेव्हापासून मी सामानाचे तीनच भाग करतो : स्वाराच्या अंगावरचे, थांब्यावरचे आणि मुक्कामाचे. एखादी वस्तू कुठल्या भागात जाणार हे सांगता येत नसेल, तर ती बहुधा लागतच नाही.

स्वाराच्या अंगावरचे थोडे पण काटेकोर असावे. खूर साफ करायचा हुक, एक हूफ बूट, लहान चाकू, मजबूत दोरी, शिट्टी, पाणी, आणि लांब दोरीला बांधलेला स्पंज. वाटेत ओढा किंवा डबके लागले की खोगिरावरून न उतरता स्पंज खाली सोडायचा, वर ओढायचा आणि घोड्याच्या मानेवर पिळायचा. एवढ्याशा कामाने पुढच्या थांब्यावर नाडी उतरायला लागणारी काही मिनिटे वाचतात. फोन मात्र खोगिराच्या पिशवीत कधीच ठेवू नये. स्वार पडला आणि घोडा निघून गेला, तर फोनही त्याच्याबरोबर निघून जातो.

थांब्यावरच्या सामानाचे दिवसवार तीन गठ्ठे करावेत आणि त्यांवर १, २, ३ असे ठळक आकडे घालावेत. प्रत्येकात त्या दिवसाचे मोजून बांधलेले खाणे, इलेक्ट्रोलाइटच्या भरलेल्या पिचकाऱ्या, कोरडे पॅड, स्वाराचे कपडे. दुसऱ्या दिवशी दुपारी तुमची झोप अपुरी झालेली असेल, तेव्हा मोजमाप करायची पाळी येऊ नये. बादल्या, स्पंज, स्टेथोस्कोप, झूल आणि खुरांची पेटी रोज तीच असते; ती गाडीत सर्वांत शेवटी भरायची, म्हणजे सर्वांत आधी हाताला लागते.

थांब्यावरचा क्रम आता सांगतो. बहुतेक ठिकाणचा नियम असा आहे की घोडा आल्याआल्या सक्तीची विश्रांती सुरू होत नाही. त्याची नाडी ठरवून दिलेल्या आकड्याखाली उतरली की घड्याळ सुरू होते. म्हणून पहिली दहा मिनिटे सोन्याची असतात. स्वाराने शेवटचा अर्धा-एक किलोमीटर उतरून चालत यावे. घोडा पोहोचला की एकाने तंग सैल करून खोगीर उतरवायचे, दुसऱ्याने साधे पाणी पुढे करायचे. तो पीत असेल तर त्याला हलवू नका, बोलू नका, तोंडासमोरून जाऊ नका. घोडा मान वर करून आजूबाजूला बघतो आणि पुन्हा बादलीत तोंड घालतो. पुष्कळ नवखे क्रू त्या मधल्या क्षणी 'झाले याचे पिऊन' असे समजून बादली काढून घेतात.

पाणी पिऊन झाले की मान, छाती, खांदे आणि पायांच्या आतल्या बाजूंवर पाणी ओता. डाव्या कोपरामागे स्टेथोस्कोप लावून १५ सेकंद मोजा. १६ ठोके भरले तर मिनिटाला ६४. एका ठोक्याचे दोन आवाज येतात, 'लब' आणि 'डब'. नवा माणूस ते वेगवेगळे मोजतो आणि दुप्पट आकडा पाहून घाबरतो. घरी ठाणबंद घोड्यावर रोज सराव करा. निरोगी घोड्याची विश्रांतीतली नाडी २८ ते ४४ च्या दरम्यान असते, त्यामुळे तुमची मोजणी बरोबर आहे की नाही ते लगेच कळते.

तपासणी झाली की घोड्याला खाऊ द्यायचे, आणि खाऊच द्यायचे. सगळ्यात मोठी चूक इथेच होते. नाडी उतरली म्हणून हायसे वाटलेला क्रू घोड्याला पुसायला, पट्ट्या बांधायला, खरारा करायला लागतो, आणि बिचारा घोडा खाणे सोडून माणसांच्या हातांकडे बघत बसतो. विश्रांतीची ४० ते ६० मिनिटे ही त्याच्या जेवणाची वेळ आहे.

तोबरा

अबलख यांच्या शेवटच्या परिच्छेदाला माझा दुजोरा. सलग दिवसांच्या फेरीत पोट हेच इंधनाचे कोठार आणि पाण्याचा हौददेखील. घोड्याच्या मोठ्या आतड्यात धाग्यांची वैरण पाणी आणि क्षार धरून ठेवते, आणि वाटेत घाम जाऊ लागला की तोच साठा कामी येतो. म्हणून गवत अखंड, चंदी थोडी थोडी.

साडेचारशे किलोच्या घोड्याला दिवसाला शरीरवजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे सात ते नऊ किलो कोरडी वैरण धरा, आणि प्रवासाचे दिवस धरून नंतर त्यात आणखी दोन दिवसांची भर घाला. वैरण घरचीच न्या. आतड्यातल्या सूक्ष्म जीवांना नवे खाणे अंगवळणी पडायला आठवडा-दहा दिवस लागतात. तळावर मिळालेले हिरवेगार सुगंधी गवत पाहून आपण खूश होतो आणि रात्री पोटशूळ उठतो. पाण्याचेही तसेच. काही घोडे परक्या पाण्याला तोंड लावत नाहीत, त्यांच्यासाठी घरचे पाणी भरून न्यावे आणि त्यात हळूहळू तिथले मिसळत जावे.

सकाळी निघण्याआधीच्या तीन-चार तासांत चंदीचा मोठा घास देऊ नका. धान्यातल्या पिष्टामुळे इन्शुलिन वाढते, आणि तासन्‌तास चालण्यासाठी जी चरबी जळायला हवी तिचे जळणे दबते. गवत मात्र रात्रभर समोर असू द्या. थांब्यावर भिजवलेला बीट पल्प (साखर काढल्यावर उरलेला बिटाचा चोथा), त्यात थोडी चंदी, वर भरपूर पाणी, असे पातळ खाणे घोडे आवडीने खातात आणि त्यातून नकळत काही लिटर पाणी पोटात जाते. पल्प घरी एकदाही खाल्ला नसेल तर फेरीत पहिल्यांदा देऊन बघू नका.

इलेक्ट्रोलाइटविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण गैरसमज इथे सर्वाधिक आहेत. उन्हात मेहनत करणारा घोडा तासाला १० ते १५ लिटर घाम गाळू शकतो. आपल्या घामात रक्तापेक्षा मीठ कमी असते, म्हणून घाम गेला की आपले रक्त खारट होते आणि तहान लागते. घोड्याच्या घामात सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराइड इतके असते की पाण्याबरोबर मीठही तितकेच निघून जाते. रक्ताचा खारटपणा फारसा वाढत नाही आणि मेंदूला तहानेची वर्दी पोहोचत नाही. अंगातले वीस लिटर पाणी गेलेला घोडा भरल्या बादलीकडे पाठ फिरवतो तो याच कारणाने. इलेक्ट्रोलाइट दिल्याने गेलेले क्षार भरून निघतात आणि तहानही जागी होते.

मात्र ते द्यायची वेळ चुकली तर औषधाचे विष होते. जो घोडा आधीच शुष्क आहे आणि पीतच नाही, त्याच्या तोंडात तीव्र मिठाची पिचकारी मारली, तर अंगातले उरलेसुरले पाणी आतड्याकडे ओढले जाते. म्हणून आधी पाणी, आधी थोडे खाणे, मग पिचकारी. देण्यापूर्वी तोंडातला गवताचा बोळा पाण्याने धुऊन काढा, नाहीतर घोडा त्या बोळ्यासकट औषध थुंकून टाकतो. दिवसाला एकच जबर मात्रा देण्यापेक्षा प्रत्येक थांब्यावर लहान मात्रा द्यावी. मीठ मिसळलेली बादली ठेवायची असेल तर शेजारी साध्या पाण्याची बादली असलीच पाहिजे.

जुनी रिकीब

मला एक चिंता वाटते. आमच्या वेळी वडीलधारी माणसे सांगत की तापलेल्या घोड्याच्या पुठ्ठ्यावर गार पाणी कधीही टाकू नये, स्नायू आखडतात. इथे तर सर्रास बादल्या ओतण्याचा सल्ला दिसतो आहे. माळरान नवखे आहेत, त्यांनी सांभाळून असावे.

चौथा टप्पा

मी पशुवैद्य आहे आणि काही वर्षे फेऱ्यांमध्ये तपासणीच्या रांगेत उभा राहतो. जुनी रिकीब यांची भीती आमच्या शिक्षकांच्या पिढीतही होती. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये दमट उन्हाळ्यात घोडे पळणार म्हणून या प्रश्नाचा नीट अभ्यास झाला, आणि गार पाण्याने सर्वांगाला थंड केल्याने घोडे लवकर निवतात, त्याने स्नायूंना इजा होत नाही, असे दिसून आले. त्यामुळे उन्हाच्या दिवशी घोड्याच्या नाकपुड्या फुललेल्या असताना पुठ्ठ्यावरही पाणी ओतायला हरकत नाही. पाणी सतत ओतत राहावे. अंगावरचे पाणी पट्टीने निपटून काढण्यात वेळ घालवण्यापेक्षा नवे पाणी पडत राहणे महत्त्वाचे.

त्यांच्या सांगण्यात तथ्य आहे ते थंडीवाऱ्याच्या दिवसासाठी. पहाटे, पावसात किंवा डोंगरमाथ्यावरच्या वाऱ्यात थांबा असेल, तर घोडा निवल्याबरोबर पुठ्ठ्यावर झूल टाका आणि पाणी मानेपुरते, छातीपुरते ठेवा. ताप मोजल्याखेरीज अंदाज करू नका. विश्रांतीत घोड्याचे तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सियस असते. श्रमानंतर ते ४० च्या आसपास जाणे अनपेक्षित नाही, पण पाणी ओतूनही ते उतरत नसेल तर तुम्ही मला बोलावले पाहिजे.

रांगेत आम्ही काय बघतो ते क्रूला ठाऊक असावे, म्हणजे आमच्याआधी तुम्हाला दिसेल. हिरडीवर बोट दाबून सोडले की पांढरा डाग साधारण दोन सेकंदांत गुलाबी व्हावा. खांद्याच्या टोकावरची कातडी चिमटीत धरून सोडली की लगेच सपाट व्हावी. कुशीला दोन्ही बाजूंना वर आणि खाली, अशा चार ठिकाणी कान लावला की आतड्यांची गुरगुर ऐकू यावी. पोट गप्प असलेला घोडा नाडी ५२ असली तरी मला आवडत नाही. मग दुडकी. नाडी मोजायची, घोडा ३८ मीटर दुडकीने नेऊन परत आणायचा, आणि दुडकी सुरू केल्यापासून बरोबर एका मिनिटाने नाडी पुन्हा मोजायची. दुसरा आकडा पहिल्याइतका किंवा कमी असेल तर उत्तम; चार-पाच ठोक्यांनी वाढलेला असेल तर घोड्याच्या अंगात काहीतरी बिनसते आहे, मग ते दुखणे असेल, थकवा असेल किंवा पाणी कमी पडलेले असेल.

तीन गोष्टी दिसल्या तर माझी वाट बघत रांगेत उभे राहू नका, हात वर करून हाक मारा. कॉफीच्या रंगाची लघवी आणि दगडासारखे घट्ट झालेले पुठ्ठे दिसले तर स्नायू विरघळू लागले आहेत. त्या घोड्याला चालवायचेही नाही. कूस हृदयाच्या ठोक्याबरोबर उचकी लागल्यासारखी उडत असेल तर क्षारांचा तोल गेला आहे, विशेषतः कॅल्शियमचा. आणि घोडा पोटाकडे वळून वळून बघत असेल, खुराने माती उकरत असेल, तर पोटशूळ.

वेदनाशामक औषधे, आणि ज्यांत काय आहे हे डब्यावरून कळत नाही अशी मलमे, क्रूच्या पेटीत असूच नयेत. स्पर्धेत ती निषिद्ध असतातच. शिवाय ज्या दुखण्यामुळे मी घोड्याला थांबवायला हवे, ते दुखणे त्यांनी झाकले जाते.

माळरान

सर्वांचे आभार. यादीतून निम्म्या वस्तू काढल्या. एक शंका अजून आहे. एकदिवसीय फेरीत संध्याकाळी घोडा पोहोचला की काम संपते. इथे संध्याकाळी पोहोचून सकाळी पुन्हा निघायचे आहे. रात्री आम्ही काय करायचे?

अबलख

तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलेत. सलग फेरीतला घोडा बाद होतो तो बहुतेक वेळा रात्रीच्या हलगर्जीपणामुळे, आणि ते उघडकीला येते दुसऱ्या सकाळी.

पोहोचल्यावर अंतिम तपासणी उरकून त्याला पाणी आणि गवत द्या, आणि मग खोगिराखालची जागा पाण्याने धुऊन काढा. घाम वाळला की मिठाचे खडे केसांत राहतात. दुसऱ्या दिवशी त्यावर पॅड ठेवले की ते कानशीसारखे घासते. तंगाखाली, कोपरामागच्या सुरकुतीत डोळ्यांनी काही दिसत नाही, तिथे उलट्या हाताने चाचपून बघा. केस एकमेकांना चिकटून ताठ झालेले लागले किंवा कातडी बाजूच्या जागेपेक्षा गरम लागली, तर तिथे उद्या फोड येणार. आजच तंग बदला किंवा त्यावर मऊ वेष्टन चढवा. मग पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी बोटांची टोके सारख्या दाबाने मागे नेत जा. घोडा कुठे दचकला, कुठे पाठ खाली नेली, ते वहीत लिहा.

पाय गार पाण्याने धुवा, सगळ्या पायांवरून हात फिरवा. रात्रभर एका जागी उभे राहून चारही पाय थोडे सुजले तर सकाळी चालवल्यावर ती सूज उतरते, तिचे भय नाही. एकाच पायाला सूज आणि ऊब असेल तर ते वेगळे प्रकरण, तो घोडा पशुवैद्याला दाखवल्याशिवाय खोगीर घालू नका. पट्ट्या बांधायचा हात नसेल तर बांधूच नका. वेड्यावाकड्या ताणाने बांधलेली पट्टी स्नायुबंधालाच इजा करते.

आणि रात्री त्याला फिरवा. झोपण्यापूर्वी पंधरा मिनिटे, मध्यरात्री एकदा दहा मिनिटे, पहाटे पुन्हा. ट्रेलरला आखूड दोरीने बांधलेला घोडा आखडून जातो. वीजतारेचे फिरते कुंपण किंवा उंच ताणलेल्या दोरीवर सरकणारी बांधणी असेल तर तो स्वतःच हलत राहतो. कुंपणाची सवय मात्र त्याला घरी आठवडाभर आधी लावलेली हवी.

क्रूच्या वहीत चार रकाने ठेवा : किती प्यायला, किती खाल्ले, लीद किती वेळा, लघवीचा रंग काय. बादलीच्या आतून लिटरच्या खुणा करून ठेवा. विश्रांतीच्या दिवशी २५ ते ३० लिटर पिणारा घोडा उन्हातल्या श्रमानंतर त्याच्या दुपटीने प्यायला हवा. 'पुष्कळ प्यायला' ही नोंद सकाळी साडेचारला कोणाच्याच उपयोगाची नसते. पशुवैद्य तपासणीच्या नोंदी ज्यावर करतात त्या कार्डाचाही रोज फोटो काढा, म्हणजे तिसऱ्या दिवशीची आतड्यांची श्रेणी पहिल्या दिवसाशी ताडून बघता येते.

एकटा स्वार

मला क्रू परवडत नाही, मी एकटाच जातो. म्हणून उलट्या बाजूने थोडे सांगतो. मंगोल डर्बी ही हजार किलोमीटरची शर्यत २००९ मध्ये सुरू झाली. तिथे घोडे टप्प्याटप्प्याने बदलतात आणि स्वाराला स्वतःचे सामान फक्त ५ किलो नेता येते. मी घरी एकदा ५ किलोची पिशवी भरून बघितली. तो एक खेळ केल्यावर मला माझ्या यादीतल्या कोणत्या वस्तू केवळ मनाच्या समाधानासाठी आहेत ते कळले. घोड्याच्या सामानात अशी काटछाट करू नका, स्वतःच्या सामानात जरूर करा.

क्रू नसेल तर आयोजक पिशव्या थांब्यावर पोहोचवतात. पिशवी उघडल्याबरोबर वर बादली आणि घोड्याचे खाणे, त्याखाली पॅड, सर्वांत तळाशी माझे जेवण, असे मी भरतो. माझे जेवण वर असले की मी आधी जेवतो, हे मला अनुभवाने माहीत आहे.

तोबरा

स्वाराचा विषय निघालाच आहे तर माळरान यांना एक गोष्ट सांगतो. बहिणीला 'काही खाणार का?' असे विचारू नका. दमलेला स्वार नेहमी नको म्हणतो. तिच्या हातात घास द्या, पाण्याची बाटली उघडून द्या, बसायला खुर्ची द्या आणि घोड्याची दोरी तिच्या हातातून काढून घ्या. मांड्या आणि गुडघ्यांच्या आतली कातडी सोलली आहे का ते मात्र विचाराच, कारण ती आपणहून सांगणार नाही आणि एका बाजूला कलून बसेल. तिचा तो कल दुसऱ्या दिवशी घोड्याच्या पाठीवर उमटतो.

जुनी रिकीब

अटलांटाच्या अभ्यासाची माहिती मला नव्हती, चौथा टप्पा यांचे आभार. नालबंदीबद्दल मात्र माझे जुने मत अजून टिकून आहे. नाल फेरीच्या आदल्या दिवशी ठोकू नका. आठ-दहा दिवस आधी ठोकून घ्या, म्हणजे एखादा खिळा नाजूक जागी गेला असेल तर तो घरीच कळतो. त्याच नालबंदाकडून चारही नालांचा एक जादा संच त्याच खुरांच्या मापाने घडवून घ्या आणि प्रत्येकावर 'पुढचा डावा', 'मागचा उजवा' असे लिहून ठेवा. हूफ बूट नालासकट खुरावर चढतो का, तेही घरी बघा. पुष्कळांचा बूट अनवाणी खुराच्या मापाचा असतो.

माळरान

फेरी होऊन चार दिवस झाले. सगळ्यांनी इतके मनापासून लिहिले म्हणून वृत्तांत देणे कर्तव्य समजतो.

पहिला दिवस अपेक्षेप्रमाणे गेला. पहिल्या थांब्यावर घोडा अजिबात प्यायला नाही आणि माझ्या हातात पिचकारी तयार होती. तोबरा यांचा परिच्छेद आठवून मी ती खिशात ठेवली. दहा मिनिटांनी पल्प खाऊन झाल्यावर त्याने जवळजवळ पूर्ण बादली संपवली आणि मग आम्ही औषध दिले. नाडी सात मिनिटांत ६० वर आली होती. स्पंजाची दोरी मात्र आखूड पडली, बहिणीला दोनदा उतरावे लागले.

दुसऱ्या दिवशी ऊन कडक होते. दुसऱ्या थांब्यावर नाडी ६४ खाली यायला सोळा मिनिटे लागली. पशुवैद्यांनी पुढे जाऊ दिले. संध्याकाळी पोहोचल्यावर तो प्यायला, पण गवताच्या जाळीजवळ जाऊन नुसता उभा राहत होता. मध्यरात्री फिरवायला उठलो तेव्हा जाळी संध्याकाळी होती तितकीच भरलेली. वहीत पहिल्या रात्रीच्या रकान्यात 'जाळी रिकामी, दुसरी अर्धी' असे लिहिलेले होते आणि लीद चार वेळा. दुसऱ्या रात्री लीद एकदा, तीही लहान आणि कोरडी. मी मैत्रिणीला उठवले, आम्ही दोघांनी कुशीला कान लावला. उजवीकडे काहीच ऐकू येईना. बहिणीला उठवायचे की नाही यावर आमचे पाच मिनिटे कुजबुजून भांडण झाले, कारण तिला साडेचारला उठायचे होते. शेवटी पशुवैद्यांनाच उठवले. त्यांनी तपासून सांगितले की पोटशूळ नाही, पण आतडी मंद झाली आहेत. त्यांनी उपचार केले आणि दर अर्ध्या तासाला फिरवायला सांगितले. पहाटेपर्यंत त्याने लीद टाकली आणि गवताला तोंड लावले.

सकाळी तिसऱ्या दिवसासाठी तो रांगेत उभा राहिला नाही. निर्णय बहिणीचा. ती फारशी काही बोलली नाही, गळ्यातला क्रमांक काढून तिने परत दिला आणि दुपारपर्यंत घोड्यापाशी बसून राहिली. त्या दिवशी आम्ही निघालो नाही. रात्रभर त्याला तिथेच राहू दिले आणि दुसऱ्या दिवशी दर दोन-तीन तासांनी गाडी थांबवून, पाणी दाखवत घरी आलो. आता तो उत्तम खातो आहे.

आणलेल्या सामानापैकी हात न लावलेल्या वस्तू : दुसरा लगाम, पायांच्या पट्ट्या, तिसरी झूल आणि स्वयंपाकाची अर्धी भांडी. कमी पडलेली वस्तू एकच. पॅड धुतली खरी, पण ती वाळत घालायला दोरी आणि चिमटे नेले नव्हते, म्हणून ती ट्रेलरच्या दारावर टाकली आणि रात्रीच्या दवाने पुन्हा ओली झाली.

चौथा टप्पा

मध्यरात्री पशुवैद्याला उठवल्याबद्दल संकोच बाळगू नका. तळावरची आम्हा पशुवैद्यांची झोप त्याच कामासाठी असते. पुढच्या वेळी गरम दिवशी दुसऱ्या थांब्यावर नाडीला इतका वेळ लागला, तर स्वाराने उरलेला टप्पा चालीने आणि जमेल तिथे उतरून काढावा, असे सुचवेन. त्या सोळा मिनिटांतच रात्रीची चाहूल होती.

अबलख

पॅड वाळवायला दवाखाली दोरी बांधूनही उपयोग होत नाही. गाडीच्या आत, पुढच्या काचेजवळ पसरून ठेवा आणि काच बोटभर उघडी ठेवा. तीन दिवसांना चार पॅड न्या. आणि स्पंजाची दोरी घोड्यावर बसून मोजा, जमिनीवर उभे राहून नव्हे.